अमेरिकेच्या राज्यघटनेत देव का नाही?

अमेरिकेचे अध्यक्ष पदाची शपथ घेतात तेव्हा त्यांचा एक हात बहुधा बायबलवर असतो आणि शपथ संपताच 'ईश्वर मला साह्य करो' असे शब्द त्यांच्या तोंडून उमटतात. देशाच्या नाण्यांवर आणि नोटांवर ईश्वरावरील विश्वासाचे ब्रीद छापलेले असते. प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत कामकाजाचा प्रारंभ प्रार्थनेने होतो. हे सारे पाहून अमेरिका हे ख्रिस्ती राज्य असावे, असे कोणाला वाटले तर नवल नाही. मात्र ज्या राज्यघटनेनुसार ही शपथ घेतली जाते, त्या घटनेने दिलेल्या शपथेच्या मजकुरात ईश्वराचा उल्लेख नाही आणि बायबलची सक्तीही नाही. किंबहुना १७८७ च्या संपूर्ण घटनेत ईश्वर, ख्रिस्त वा बायबल यांचे नावच आढळत नाही. अखेरीस तारीख लिहिताना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे 'आपल्या प्रभूचे वर्ष' असे म्हटले आहे आणि विधेयकावर निर्णय घेण्यासाठी अध्यक्षांना दिलेल्या दहा दिवसांतून रविवार वगळले आहेत. ख्रिस्ती चालीरीतींचा मागमूस तेवढाच.

या विसंगतीवरून अमेरिकेत आजही वाद झडतात. देशाची स्थापना ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच झाली, असे एक पक्ष म्हणतो. संस्थापक धर्माविषयी उदासीन होते, असे दुसरा सांगतो. लुईझियाना राज्याने २०२४ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला आणि तो लगोलग न्यायालयात गेला, तेव्हा दोन्ही बाजूंनी संस्थापकांचीच साक्ष काढली. प्रत्यक्ष इतिहास मात्र या दोन्ही दाव्यांहून वेगळा आहे. धर्म आणि शासन यांची फारकत करण्याची मागणी तेथे केवळ चिकित्सक बुद्धिवाद्यांनी केली नाही. ती निष्ठावंत ख्रिस्ती माणसांनी, आपल्या श्रद्धेच्या रक्षणासाठी, तितक्याच आग्रहाने केली.

छळाला कंटाळलेले आणि छळ करणारे

इंग्लंडमधील राजमान्य चर्चशी न पटल्याने १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून काही कुटुंबे प्लिमथला उतरली. त्यांच्यापाठोपाठ १६३० पासून प्युरिटन पंथीय मोठ्या संख्येने मॅसॅच्युसेट्समध्ये आले. त्यांना धर्माचरणाचे स्वातंत्र्य हवे होते, पण ते स्वतःपुरते. शासनाने धर्मात हात घालू नये, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला या वसाहतीने १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा सुनावली. त्याने पुढल्या वर्षी प्रॉव्हिडन्स ही वस्ती वसवली आणि तेथे कोणत्याही मताच्या माणसाला थारा दिला. क्वेकर पंथीयांच्या वाट्याला याहून कठोर दंड आला. १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये चार क्वेकरांना फाशी देण्यात आली. मेरी डायर ही त्यांपैकीच एक. हद्दपार केल्यावरही ती परत आली, हा तिचा अपराध.

सर्वत्र असेच घडत होते असे नाही. मेरिलंडने १६४९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा केला. परंतु तो येशूचे देवत्व मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांपुरताच होता. विल्यम पेन या क्वेकराने पेनसिल्व्हेनियात अनेक पंथांना आश्रय दिला. तथापि स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर बहुतेक वसाहतींत एखाद्या पंथाला सरकारी मान्यता होती आणि त्याच्या धर्मगुरूंचे वेतन लोकांकडून घेतलेल्या करातून भागवले जात होते. न्यू इंग्लंडमध्ये हा मान काँग्रिगेशनल चर्चला, तर दक्षिणेत अँग्लिकन चर्चला होता.

क्रांतीची भाषा

राजसत्तेविरुद्ध उठाव करण्याची मानसिक तयारी घडवण्यात चर्चच्या व्यासपीठाचा वाटा मोठा होता, हे नाकारता येणार नाही. बोस्टनचे धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू यांनी १७५० मध्येच जुलमी राजाची आज्ञा मोडणे हे पाप नव्हे, असे प्रवचनातून सांगितले होते. टॉमस पेन यांची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका १७७६ च्या जानेवारीत निघाली. पुढे बायबलवर जाहीर टीका करणाऱ्या पेन यांनीही राजेशाहीचा धिक्कार करताना बायबलमधील कथांचाच आधार घेतला, कारण वाचकांना परिचित असलेला ग्रंथ तोच होता. मनुष्यस्वभाव मुळातच पतित असल्याने कोणाच्याही हाती अनिर्बंध सत्ता असू नये, ही कॅल्व्हिनवादी शिकवण घटनेतील सत्ताविभागणीच्या तत्त्वाशी जुळणारी होती. घटनेचे प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन हे प्रिन्स्टन येथे जॉन विदरस्पून या प्रेस्बिटेरियन धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे विदरस्पून हे एकमेव कार्यरत धर्मगुरू होत.

१७७६ च्या त्या जाहीरनाम्यात ईश्वर आहे, पण त्याचे रूप लक्षात घेण्याजोगे आहे. निसर्गाचा ईश्वर, निर्माता, जगाचा परमोच्च न्यायाधीश, दैवी कृपा असे हे उल्लेख आहेत. येशूचे वा बायबलचे नाव मात्र नाही. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, क्वेकर आणि येशूचे चमत्कार न मानणारे थॉमस जेफर्सन अशा सर्वांना मान्य होतील असेच ते शब्द होते. शिवाय जाहीरनाम्यानुसार शासनाला अधिकार मिळतात ते जनतेच्या संमतीतून. ईश्वराकडून राजाला नव्हे.

व्हर्जिनियातील दहा वर्षे

खरा निर्णायक झगडा झाला तो व्हर्जिनियात. तेथे अँग्लिकन चर्चला राजाश्रय होता. जाणत्या वयात स्वेच्छेनेच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणारे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक परवान्याविना प्रवचने करीत, म्हणून त्यांना तुरुंगात डांबले जाई. शेजारच्या परगण्यात असे पाच-सहा सज्जन कैदेत असल्याचे पाहून बावीस वर्षांच्या मॅडिसन यांनी जानेवारी १७७४ मध्ये आपल्या मित्राला अत्यंत संतप्त पत्र लिहिले. त्यांच्या पुढील कार्याची बीजे या पत्रात आढळतात.

१७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा जॉर्ज मेसन यांनी तयार केला. त्यात धर्माबाबत 'सहिष्णुता' हा शब्द होता. मॅडिसन यांनी तो बदलून घेतला. सहिष्णुता ही सत्तेने केलेली मेहेरबानी असते आणि मेहेरबानी कधीही मागे घेता येते; म्हणून धर्माचरण हा सर्वांचा समान हक्क आहे, असे शब्द त्याजागी आले.

यानंतर १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी कर बसवण्याचे विधेयक पुढे रेटले. आपला पैसा कोणत्या पंथाला जावा, हे करदात्याने ठरवायचे होते. वरकरणी हा तोडगा उदार होता आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही त्यात मुळात काही गैर वाटत नव्हते. मॅडिसन यांनी १७८५ मध्ये पंधरा मुद्द्यांचे निवेदन लिहून त्यावर हल्ला चढवला. जे सरकार सर्व धर्मांना वगळून ख्रिस्ती धर्माला मान्यता देऊ शकते, तेच उद्या इतर पंथांना वगळून एकाच पंथाला मान्यता देईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. राजाश्रयाने धर्म शुद्ध राहत नाही, तो आळशी आणि उद्दाम होतो, असेही त्यांनी बजावले. गंमत अशी की, त्या वेळी विधिमंडळाकडे आलेल्या विरोधाच्या अर्जांपैकी सर्वाधिक सह्या मॅडिसन यांच्या निवेदनावर नव्हत्या. त्या ख्रिस्ताच्या शिकवणीचा दाखला देऊन कराला विरोध करणाऱ्या अर्जावर होत्या. ख्रिस्ताने आपले राज्य उभारताना सरकारी खजिन्याची मदत घेतली नव्हती, अशी या मंडळींची धारणा होती.

करविधेयक बारगळले. जेफर्सन यांनी १७७७ मध्ये लिहिलेला आणि कित्येक वर्षे रखडलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १६ जानेवारी १७८६ रोजी संमत झाला. जेफर्सन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील होते. कायद्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची सूचना आली होती, पण ती फेटाळली गेली. कायद्याचे संरक्षण ज्यू, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक यांनाही मिळावे असाच त्या नकाराचा अर्थ होता, अशी नोंद जेफर्सन यांनी आत्मचरित्रात केली आहे. हिंदूंचा उल्लेख तेथे नावानिशी आहे.

फिलाडेल्फियातील मौन

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. चर्चा खोळंबली असताना बेंजामिन फ्रँकलिन यांनी २८ जून १७८७ रोजी रोजचे कामकाज प्रार्थनेने सुरू करावे, अशी सूचना मांडली. धर्मगुरूला देण्यासाठी पैसे नाहीत, इतक्या उशिरा प्रार्थना सुरू केल्यास बाहेर घबराट पसरेल, असे आक्षेप निघाले आणि सूचना मतास न टाकताच बैठक उठली. तीन-चार जण सोडता इतरांना प्रार्थनेची आवश्यकता वाटली नाही, अशी नोंद फ्रँकलिन यांनी करून ठेवली.

घटनेत धर्माविषयी एकच ठोस तरतूद झाली. चार्ल्स पिंक्नी यांच्या सूचनेवरून सहाव्या कलमात असे घातले गेले की, संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. त्या काळी हे धाडसच होते. डेलावेअरमध्ये पदाधिकाऱ्याला ख्रिस्ती त्रैक्यावर विश्वास जाहीर करावा लागे. पेनसिल्व्हेनियात बायबलचे जुने आणि नवे करार ईश्वरप्रेरित असल्याची ग्वाही द्यावी लागे. ही अट ज्यूंना अन्यायकारक आहे, असे पत्र फिलाडेल्फियाचे ज्यू व्यापारी जोनस फिलिप्स यांनी सप्टेंबर १७८७ मध्ये परिषदेला पाठवले. बंद दाराआड धर्माची अट आधीच रद्द झाली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते.

घटनेला मान्यता देताना मात्र या कलमावर राज्यांत गदारोळ झाला. उद्या एखादा कॅथलिक, मुसलमान वा मूर्तिपूजक अध्यक्ष होईल, अशी भीती उत्तर कॅरोलिनात व्यक्त झाली. कोणाला निवडायचे हे लोक ठरवतील. एकदा काहींना वगळायला सुरुवात केली की वगळण्याला अंत नाही, असे उत्तर जेम्स आयर्डेल यांनी दिले. या कलमाचे फलित मराठी वाचकांनाही परके नाही. तुलसी गॅबर्ड यांनी २०१३ मध्ये भगवद्गीतेवर हात ठेवून प्रतिनिधिगृहाच्या सदस्यत्वाची शपथ घेतली आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून त्याच सभागृहावर निवडून आले. त्यांना कोणी त्यांच्या धर्माचा दाखला मागितला नाही.

पहिली दुरुस्ती आणि तिची मर्यादा

व्हर्जिनियातील बॅप्टिस्टांना एवढ्याने समाधान नव्हते. धर्मस्वातंत्र्याची स्पष्ट हमी घटनेत हवी, असा त्यांचा हट्ट होता. १७८९ च्या निवडणुकीत जेम्स मन्रो यांच्याशी लढताना मॅडिसन यांनी जॉर्ज ईव्ह या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाला पत्र लिहून तशी दुरुस्ती आणण्याचे वचन दिले. ते त्यांनी पाळले. १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आलेल्या पहिल्या दुरुस्तीनुसार, धर्माची स्थापना करणारा अथवा धर्माचरणास बंदी घालणारा कायदा संघराज्याच्या काँग्रेसला करता येत नाही.

हा निर्बंध केवळ संघराज्यावर होता. राज्यांनाही सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याने बांधून घेण्याची मॅडिसन यांची सूचना प्रतिनिधिगृहाने मान्य केली, पण सिनेटने नाकारली. त्यामुळे कनेक्टिकटमध्ये १८१८ पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत सरकारमान्य चर्चची पद्धत टिकून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीचे दोन्ही भाग राज्यांना लागू केले ते विसाव्या शतकात, १९४० आणि १९४७ च्या निकालांनी.

भिंत आणि चीज

कनेक्टिकटच्या डॅनबरी येथील बॅप्टिस्टांनी याच जाचाची कैफियत अध्यक्ष जेफर्सन यांच्यापुढे मांडली. धर्म आणि शासन यांच्यामधील 'भिंत' हा पुढे गाजलेला शब्दप्रयोग जेफर्सन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी त्यांना धाडलेल्या उत्तरात आहे. त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधील चेशायरचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जॉन लेलँड यांनी गावकऱ्यांच्या वतीने जेफर्सन यांना १,२३५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ५६० किलोंचे चीज भेट दिले. दोनच दिवसांनी लेलँड यांचे प्रवचन प्रतिनिधिगृहात झाले आणि जेफर्सन श्रोत्यांत बसले. सार्वजनिक जीवनातून धर्म हद्दपार व्हावा, असे या दोघांपैकी कोणाचेच म्हणणे नव्हते. शासनाने धर्माचा कर, परवाना आणि पदासाठीची अट आपल्या हाती ठेवू नये, एवढ्यावर त्यांचे एकमत होते.

त्रिपोलीशी झालेल्या तहाला सिनेटने जून १७९७ मध्ये एकमताने मान्यता दिली. अमेरिकेचे शासन कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे त्याच्या इंग्रजी मसुद्यातील अकराव्या कलमात म्हटले होते. याउलट वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस जाहीर केला होता आणि काँग्रेसने त्याच वर्षी धर्मगुरू नेमले होते. दोन्ही पक्षांना पुरावा सापडतो तो असा.

ब्रीदवाक्ये नंतरची

ज्या खुणांवरून अमेरिका ख्रिस्ती राज्य भासते, त्यांतील कित्येक संस्थापकांच्या पश्चातल्या आहेत. नाण्यावर ईश्वराचे ब्रीद आले ते यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये. त्याच सुमारास घटनेच्या प्रस्तावनेत येशूचा उल्लेख घालण्याची चळवळ झाली, पण ती फसली. ध्वजप्रतिज्ञेत ईश्वराचे नाव १९५४ मध्ये घातले गेले आणि नाण्यावरचे ब्रीद १९५६ मध्ये राष्ट्राचे अधिकृत ब्रीद झाले. साम्यवादी रशियाशी शीतयुद्ध सुरू होते, ही त्याची पार्श्वभूमी.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षे होतात. अमेरिकेचा समाज तेव्हा बहुतांशी ख्रिस्ती होता आणि त्या धर्माच्या नीतिकल्पना संस्थापकांच्या विचारात भिनल्या होत्या, हे खरेच आहे. परंतु त्या समाजाने शासन उभारताना चर्चला सत्तेत वाटा दिला नाही. तसे व्हावे म्हणून अर्जांवर सह्या करणाऱ्यांत असंख्य बॅप्टिस्ट होते आणि त्यांच्यातील काहींचे उपदेशक व्हर्जिनियाच्या तुरुंगातून नुकतेच सुटून आले होते.