हरवलेला हातोडा आणि रोमन ठेवा

धातुशोधक यंत्राचे चुंबकीय क्षेत्र भूमीतील धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते आणि यंत्र नाद करते. धातू आहे, एवढेच ते सांगते; वस्तू कोणत्या काळची, हे नव्हे.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील हॉक्सन गावी एरिक लॉज आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधीत असता रोमन नाणी व चांदीचे चमचे हाती लागले. मोह आवरून त्यांनी खोदणे थांबविले व अधिकाऱ्यांस कळविले. पुरातत्त्वज्ञांनी प्रत्येक वस्तूची जागा नोंदवीत सुमारे १५,००० नाणी काढली. ठेवा लाकडी पेटीत, इ.स. ४०७ नंतर पुरला गेल्याचे त्यावरून उमगले. हातोडाही सापडला; तो ब्रिटिश म्युझियमने जतन केला.

नोंदीवाचून माल आणि जागेवाचून वस्तू, दोन्ही मुकीच!