डग्लस, टॉमी

(२० ऑक्टोबर १९०४–२४ फेब्रुवारी १९८६). कॅनडातील समाजवादी नेता व सस्कॅचेवन प्रांताचा मुख्यमंत्री (१९४४–६१). संपूर्ण नाव टॉमस क्लेमंट डग्लस. जन्म स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे. बालपणीच तो कुटुंबासह कॅनडातील विनिपेग येथे आला. तेथे हाडाच्या जंतुसंसर्गामुळे त्याचा पाय कापण्याची वेळ आली असता एका शल्यचिकित्सकाने, विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्ताने, विनामूल्य शस्त्रक्रिया करून तो वाचविला. वैद्यकीय उपचार ऐपतीवर वा दैवावर अवलंबून असू नयेत, या आपल्या मताचे मूळ तो या अनुभवात सांगत असे.

ब्रँडन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९३० मध्ये तो सस्कॅचेवनमधील वेबर्न या लहानशा गावी बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाला. आर्थिक मंदी व अवर्षण यांमुळे प्रेअरी प्रदेशातील गहू-उत्पादक शेतकरी हवालदिल झाले होते. धर्मादाय साहाय्य अपुरे आहे, हे ध्यानात येऊन तो राजकारणाकडे वळला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या शेतकरी-कामगार पक्षातर्फे तो १९३५ मध्ये संसदेवर निवडून आला. १९३३ च्या एम्.ए.च्या प्रबंधात त्याने मतिमंदांच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. सत्तेवर आल्यानंतर मात्र त्याने ते धोरण अंगीकारले नाही.

१९४४ च्या प्रांतिक निवडणुकीत त्याच्या पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकून उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी शासन स्थापन केले. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरास व जमिनीस संरक्षण, सार्वजनिक मोटार विमा, ग्रामीण विद्युतीकरण आणि १९४७ चा नागरी हक्कांचा कायदा ही त्याच्या कारकीर्दीतील प्रमुख कामे होत. १ जानेवारी १९४७ पासून सर्व नागरिकांसाठी रुग्णालयीन विमा सुरू झाला. डॉक्टरांच्या सेवेचाही विमा हे पुढचे उद्दिष्ट होते. परंतु प्रांताची आर्थिक स्थिती सावरल्याशिवाय त्यास हात घालावयाचा नाही, असे त्याचे धोरण होते. १९५७ च्या कायद्यानुसार केंद्र शासनाने रुग्णालयीन खर्चाचा वाटा उचलण्याचे मान्य केल्यावर हा मार्ग मोकळा झाला. १९६० ची निवडणूक त्याने याच प्रश्नावर जिंकली.

१९६१ मध्ये तो नव्या न्यू डेमॉक्रॅटिक पक्षाचा राष्ट्रीय नेता झाला. मुख्यमंत्रिपदावरील त्याचा उत्तराधिकारी वुड्रो लॉइड याने १ जुलै १९६२ रोजी वैद्यकीय विमा योजना अंमलात आणली, तेव्हा बहुसंख्य डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ जुलैच्या समझोत्याने मिटला. त्याआधी जून महिन्यात खुद्द डग्लस रिजायना मतदारसंघात पराभूत झाला होता. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियातून पोटनिवडणुकीत तो संसदेत परतला. १९७० मध्ये केंद्र शासनाने युद्धकालीन उपाययोजना कायदा लागू केला असता, लोकमत प्रतिकूल असूनही त्याने नागरी स्वातंत्र्याच्या भूमिकेवरून त्यास विरोध केला. १९७१ मध्ये पक्षनेतृत्व व १९७९ मध्ये संसदीय राजकारण त्याने सोडले. ऑटावा येथे त्याचे निधन झाले.

डग्लस देशाचा पंतप्रधान कधीच झाला नाही. तथापि १९६६ च्या राष्ट्रीय वैद्यकीय सेवा कायद्याने सस्कॅचेवनचाच मार्ग अनुसरला. एका विरळ वस्तीच्या शेतीप्रधान प्रांताने आधी स्वतः करून दाखविलेली योजना पुढे साऱ्या देशाची झाली, यातच त्याच्या कार्याचे महत्त्व आहे.