कात्री आणि कर्ज : झाक तातीची चित्रपटकथा

विनोदी चित्रपट पाहून हसत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला एक प्रश्न सहसा सुचत नाही : हा चित्रपट कोणाच्या मालकीचा? पुस्तक लेखकाचे आणि चित्र चित्रकाराचे, हे सर्वमान्य आहे. परंतु चित्रपटास लागणारे भांडवल एवढे मोठे की, तो रचणारा एक आणि त्यावर कात्री चालविण्याचा अधिकार असणारा दुसरा, अशीच बहुधा रीत पडून गेली आहे. ही रीत ज्यांनी मानली नाही अशा थोड्या विनोदकारांत फ्रान्समधील झाक ताती याची गणना करावी लागते. सुमारे पन्नास वर्षांच्या उद्योगात त्याने पूर्ण लांबीचे चित्रपट केले ते अवघे सहा. मूकाभिनय करणारा नट, लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि उतारवयात दूरचित्रवाणीसाठी काम करणारा सर्कशीचा सूत्रधार, अशा नाना भूमिका त्याने वठविल्या. परंतु या सर्व भूमिकांतून एकच हट्ट दिसून येतो. आपल्या विनोदावर शेवटचा हात आपलाच फिरला पाहिजे, हा तो हट्ट होय. त्याने तातीला काय मिळवून दिले आणि त्याची किंमत कशी वसूल केली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

तातीचा जन्म ९ ऑक्टोबर १९०७ रोजी पॅरिसनजीकच्या ल पेक या गावी झाला. त्याचे मूळ आडनाव तातिशेफ. आजोबा रशियन सरदारघराण्यातले असून पॅरिसच्या रशियन वकिलातीत अधिकारी होते. घरचा धंदा मात्र चित्रांना चौकटी बसविण्याचा होता आणि तरुण झाकला त्याच धंद्यात उमेदवारी करावी लागली. चित्राची कड कोठे संपवावी याचा विचार ज्याला रोज करावा लागतो, त्याची नजर आपोआप काटेकोर होते. पुढे पडद्याच्या कानाकोपऱ्यात विनोद पेरणाऱ्या या माणसाचे पहिले शिक्षण अशा रीतीने चौकटीपाशीच झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

धंद्यात त्याचे मन रमले नाही. तो रग्बी खेळू लागला, आणि खेळापेक्षाही खेळानंतरच्या त्याच्या नकलांची कीर्ती अधिक झाली. सामना संपला की सोबत्यांची, प्रतिस्पर्ध्यांची, पंचाची हुबेहूब सोंगे आणून तो मंडळींना हसवी. या हौसेतूनच तिशीच्या दशकात तो पॅरिसच्या करमणूकगृहांच्या रंगमंचावर आला. टेनिसपटू, मुष्टियोद्धा, गोलरक्षक, गळ टाकून बसलेला मासेमार, घोडेस्वार अशी सोंगे तो एकही शब्द न उच्चारता आणि हाती कसलेही साधन न घेता उभी करी. १९३६ साली विख्यात लेखिका कोलेत हिने त्याच्याविषयी गौरवपर लिहिले. घोडा आणि स्वार हे दोघेही या एकाच देहातून प्रकट होतात, याचे तिला विशेष कौतुक वाटले. त्याच सुमारास त्याने काही लघुपटांतही काम केले. महायुद्धाने हा क्रम खंडित झाला. युद्धकाळात काही दिवस तो मध्य फ्रान्समधील सँ-सेव्हेर या खेड्यात राहिला आणि ते खेडे त्याच्या मनात घर करून बसले.

१९४७ च्या उन्हाळ्यात त्याच खेड्यात त्याने आपला पहिला मोठा चित्रपट घेतला. त्याचे नाव 'झूर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस. गावात जत्रा भरते. तंबूत अमेरिकन टपालखात्याच्या वेगाचे चित्र दाखविले जाते. ते पाहून गावचा भोळा पोस्टमन आपल्या सायकलीवर तोच वेग आणू पाहतो आणि एकच धांदल उडते, एवढीच कथा. पोस्टमन स्वतः तातीच होता. हा फ्रान्समधील पहिल्या रंगीत चित्रपटांपैकी एक व्हावा, अशी त्याची आकांक्षा होती. त्यासाठी थॉमसन कंपनीची एक नवी रंगप्रक्रिया त्याने स्वीकारली. पण सावधगिरी म्हणून शेजारी साध्या काळ्यापांढऱ्या फिल्मचा दुसरा कॅमेराही चालू ठेवला. ही सावधगिरी कामी आली. रंगीत फिल्मवरून पडद्यावर दाखविण्याजोगी प्रत काढणे कंपनीला साधले नाही आणि १९४९ साली चित्रपट काळ्यापांढऱ्या रूपातच लोकांसमोर आला. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेस पारितोषिक मिळाले आणि लोकांनीही तो डोक्यावर घेतला. तातीच्या मनातली रुखरुख मात्र गेली नाही. १९६४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी, त्याने हा चित्रपट पुन्हा हाती घेतला. एका चित्रकाराचे नवे पात्र त्यात घातले, काही वस्तूंवर हाताने रंग भरविला आणि नव्याने जुळणी करून तो पुन्हा प्रदर्शित केला. यश मिळालेल्या कृतीलाही तो पुरी झाली असे मानीत नसे, याचा हा पहिला दाखला होय.

पोस्टमन लोकप्रिय झाल्यावर त्याच पोस्टमनचे आणखी चित्रपट काढावे, हा व्यापाराचा सरळ हिशेब. तातीने तो नाकारला आणि नवेच पात्र निर्माण केले. हे पात्र म्हणजे मस्य ह्यूलो. उंच देह किंचित पुढे झुकलेला, तोंडात पाइप, आखूड पडणारी पाटलोण, बोलणे जवळजवळ नाही, आणि सभ्यपणा इतका की त्यापायीच सर्वत्र गोंधळ माजावा! १९५३ साली 'मस्य ह्यूलो यांची सुट्टी' हा चित्रपट आला. अटलांटिक किनाऱ्यावरील सँ-मार्क येथे सुट्टीसाठी आलेली मंडळी, त्यांची जेवणे, टेनिस, रात्रीचा पत्त्यांचा डाव, इतकाच त्यातील मजकूर. सुट्टीवर येऊनही माणसे आपली नोकरी आणि आपला मान बरोबर घेऊन येतात, हे तातीने कोणालाही न दुखविता दाखविले. या चित्रपटात ध्वनीची योजना विशेष आहे. चित्रीकरण झाल्यावर तो एकेक आवाज निराळा मुद्रित करून चित्रास जोडी. भोजनगृहाचे झुलते दार दरवेळी तार छेडल्यासारखे वाजते, आणि तेवढ्या आवाजाने प्रेक्षक हसू लागतो. मूकपटाचा वारसा त्याने बोलपटात आणला तो संवादांवाचून, आवाजांच्या द्वारा.

१९५८ चा 'मों ऑन्क्ल' हा त्याच्या कीर्तीचा कळस. मराठीत त्याचे नाव 'माझा मामा' असेच ठेवावे लागेल. कारण यात ह्यूलो हा एका छोट्या मुलाच्या आईचा भाऊ आहे. मुलाचे आईबाप यंत्रांनी सजविलेल्या गुळगुळीत, नव्या धर्तीच्या घरात राहतात. अंगणात माशाच्या आकाराचे कारंजे आहे. ते प्रतिष्ठित पाहुणा दाराशी आला म्हणजे सुरू करावयाचे आणि येणारा सामान्य निघाला तर बंद करावयाचे. मामा राहतो जुन्या मोहल्ल्यात, आणि भाच्याला ओढ आहे ती मामाची. कान येथे या चित्रपटास खास पारितोषिक मिळाले आणि १९५९ साली परभाषी चित्रपटाचे अमेरिकन ऑस्कर पारितोषिकही मिळाले. अमेरिकेत गेल्यावर तातीने मूकपटांच्या जमान्यातील जुन्या विनोदवीरांची भेट मागितली. त्यांत स्टॅन लॉरेल आणि बस्टर कीटन हे होते. विजयाच्या क्षणी त्याला आपल्या पूर्वसूरींची आठवण व्हावी, हे त्याच्या वृत्तीला शोभणारेच होते.

तोपर्यंत त्याची स्वतःची निर्मितिसंस्था उभी राहिली होती. आता त्याला अडविणारा कोणी नव्हता, आणि सावरणाराही कोणी नव्हता. पुढच्या 'प्लेटाइम' या चित्रपटासाठी त्याने पॅरिसच्या आग्नेय सीमेवर एक नगरच उभारले. काचेच्या आणि पोलादाच्या भासणाऱ्या इमारती, रस्ते, वाहने. लोकांनी त्याला 'तातीव्हिल' असे नाव दिले. चित्रीकरण १९६४ पासून १९६७ पर्यंत रेंगाळले. फिल्म नेहमीच्या दुप्पट रुंदीची, सत्तर मिलिमीटरची. जवळून घेतलेले चेहरे जवळजवळ नाहीत. पडद्यावर एकाच वेळी पाचसहा ठिकाणी काही ना काही घडत आहे, आणि त्यातला विनोद प्रेक्षकाने स्वतः शोधावयाचा आहे. सर्व शहरे एकसारखी झाली आहेत. खरे पॅरिस दिसते ते काचेच्या दारात क्षणभर पडलेल्या आयफेल मनोऱ्याच्या प्रतिबिंबापुरते. मग रात्री एका नव्या उपाहारगृहाचा डामडौल हळूहळू मोडून पडतो, आणि तो मोडताच तेथली माणसे प्रथमच एकमेकांशी मोकळेपणाने वागू लागतात.

या नगरीचा खर्च भागविण्यासाठी तातीने कर्जामागून कर्ज काढले. सँ-जेर्में-आँ-ले येथील राहते घर अडकविले आणि पूर्वीच्या चित्रपटांचे हक्कही तारण ठेवले. १६ डिसेंबर १९६७ रोजी चित्रपट लागला तेव्हा त्याची लांबी सुमारे अडीच तासांची होती. प्रेक्षक ह्यूलोला पाहावयास आले होते. येथे ह्यूलो गर्दीतला एक झाला होता, आणि त्याच्यासारखे दिसणारे तोतयेही इकडेतिकडे हिंडत होते. लोक गोंधळले. तातीने स्वतःच कात्री घेतली आणि प्रदर्शन चालू असतानाच चित्रपट छाटून लहान केला; परंतु तोटा भरून आला नाही. ती नगरी जमीनदोस्त झाली, घर हातचे गेले, संस्था डबघाईस आली आणि १९७४ साली तिच्याकडील सर्व चित्रपटांचे हक्क लिलावात विकले गेले. ज्या माणसाने आपल्या कृतींवर दुसऱ्याचा हात पडू दिला नाही, त्याच्याच कृती कर्जापायी परक्यांच्या ताब्यात गेल्या. दैवाचा याहून बोचरा विनोद त्यालाही रचता आला नसता.

तरीही तो बसून राहिला नाही. १९७१ साली 'ट्राफिक' आला. त्यात एक नव्या धर्तीची मोटार पॅरिसहून अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनास नेताना वाटेतच सारा वेळ निघून जातो. त्यानंतर त्याला आधार मिळाला तो स्वीडनच्या दूरचित्रवाणीचा. तिच्यासाठी त्याने स्टॉकहोम येथे 'परेड' हा कार्यक्रम रचला आणि तो १९७४ साली पुरा झाला. सर्कशीचे रिंगण, कसरतपटू, गवई, आणि मधूनमधून साठी उलटलेला ताती स्वतः, तीच चाळीस वर्षांपूर्वीची टेनिसपटूची, मासेमाराची आणि घोडेस्वाराची सोंगे आणीत आहे. मोठ्या फिल्मवर अमाप पैसा खर्चिलेल्या या दिग्दर्शकाने हा कार्यक्रम बहुतांशी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर टिपला. रिंगणातला कलावंत आणि बाकावरचा प्रेक्षक यांच्यामधली सीमा त्याने येथे जवळजवळ पुसून टाकली, आणि अखेरीस रिकाम्या सर्कशीतील सामानाशी खेळण्यासाठी दोन लहान मुले उरतात. साधने तोकडी झाली तरी दृष्टी तोकडी झाली नव्हती. दूरचित्रवाणीच्याच जगावर 'कन्फ्युजन' नावाची एक संहिताही त्याने लिहिली. तीत खुद्द ह्यूलोचा थेट प्रक्षेपणात अपघाती मृत्यू घडवून आणण्याचा त्याचा विचार होता. ती पडद्यावर आली नाही.

१९७८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो सँ-मार्कच्या त्याच किनाऱ्यावर परतला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या 'सुट्टी'मधील ह्यूलोची नाव मोडते, तो प्रसंग त्याला वाढवावयाचा होता. मधल्या काळात शार्क माशाचा एक अमेरिकन चित्रपट जगभर गाजला होता. तेव्हा दुमडलेल्या नावेचा जबडा पाहून पोहणारे घाबरून पळतात, एवढा नवा तुकडा त्याने चित्रित केला आणि जुन्या फिल्ममध्ये बेमालूम जोडला. आज सर्वत्र दाखविली जाते ती हीच जुळणी. त्याच वर्षी त्याने कॉर्सिका बेटावरील बास्तिया गावातील एका मोठ्या फुटबॉल सामन्याचे चित्रण केले. मैदानात पाणी साचलेले, गाव आनंदाने बेभान, आणि सामना अखेर गोलाविना बरोबरीत. ही फिल्म जुळविल्यावाचूनच पडून राहिली. नोव्हेंबर १९८२ मध्ये पॅरिस येथे तातीचे निधन झाले.

यानंतरचा अध्याय त्याच्या कन्येचा आहे. सोफी तातिशेफ ही व्यवसायाने संकलक. 'ट्राफिक' आणि 'परेड' यांच्या संकलनात तिने वडिलांबरोबर काम केले होते. तिने जुन्या डब्यांतून 'झूर द फेत'ची मूळ रंगीत फिल्म बाहेर काढविली. छायाचित्रणकार फ्रान्स्वा एद याच्या साहाय्याने तिच्यावरून प्रत तयार झाली, आणि १९९५ साली, चित्रीकरणानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, सँ-सेव्हेरची ती जत्रा लोकांनी रंगांत पाहिली. बास्तियाच्या सामन्याची फिल्मही तिनेच जुळवून पुरी केली. २००१ साली तिचा मृत्यू झाला. परंतु त्यापूर्वी वडिलांचे चित्रपट परत मिळवून ते जतन करण्यासाठी संस्था स्थापन करण्यात तिचा पुढाकार होता. २००२ मध्ये दुरुस्त केलेला 'प्लेटाइम' कान येथे मानाने दाखविण्यात आला. एके काळी धन्याला बुडविणारा हा चित्रपट आता त्याची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून ओळखला जातो.

ताती व्यवहारात चुकला हे उघडच आहे. वर्षानुवर्षे काचेची नगरी सांभाळीत बसण्याऐवजी त्याने हात आखडता घेतला असता, तर म्हातारपणी घर गेले नसते. परंतु ज्या स्वभावाने त्याला कर्जात लोटले, त्याच स्वभावाने दाराच्या आवाजासाठी दिवसचे दिवस घालविले आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या नावेत एक हशा भरण्यासाठी त्याला पुन्हा समुद्रावर नेले. कात्री ज्याच्या हाती, कर्जही त्याच्याच माथी, हा स्वतंत्र कलावंताच्या जीवनातील जुनाच नियम आहे. फरक एवढाच की, तातीचे कर्ज त्याच्या हयातीतच वसूल झाले, आणि कात्रीचे काम त्याच्या मागे त्याच्या मुलीने पुरे केले.