लिनक्सवरील आभासी यंत्रांतील नेटवर्कची मंद गती

लिनक्सवरील आभासी यंत्रांतील नेटवर्कची मंद गती ही सर्व्हर व्यवस्थापनात वारंवार आढळणारी अडचण आहे. एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालणाऱ्या स्वतंत्र संगणकास आभासी यंत्र अथवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ज्या संगणकावर ते चालते त्यास यजमान, तर आभासी यंत्रातील प्रणालीस अतिथी अशी संज्ञा आहे. यजमानास पुरेशी गती मिळत असूनही अतिथीस तिचा अल्प अंशच मिळणे, हे या अडचणीचे प्रमुख लक्षण होय. अशा वेळी दोष बहुधा अतिथी आणि तार यांच्यामधील सॉफ्टवेअरच्या थरांत असतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचे स्वतंत्र मापन हा निदानाचा पाया ठरतो.

पार्श्वभूमी

केव्हीएम ही आभासीकरणाची सुविधा २००७ साली लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाली. अतिथीस नेटवर्क कार्ड पुरविण्याची जुनी पद्धत म्हणजे ई१००० किंवा आरटीएल८१३९ यांसारख्या खऱ्या कार्डाची सॉफ्टवेअरने केलेली हुबेहूब नक्कल. या पद्धतीत पॅकेटांच्या देवाणघेवाणीसाठी नियंत्रण वारंवार अतिथीकडून यजमानाकडे जाते व त्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. यावर उपाय म्हणून रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ ही रचना मांडली. तीत आपण आभासी यंत्रात आहोत हे अतिथीचा ड्रायव्हर जाणतो आणि यजमानाशी सामायिक स्मृतीतील रांगांद्वारे व्यवहार करतो. व्हर्टआयओ २००८ साली कर्नल २.६.२४ मध्ये आले. २०१० साली कर्नल २.६.३४ मध्ये आलेल्या व्हीहोस्ट-नेटमुळे पॅकेटांची हाताळणी थेट यजमानाच्या कर्नलमध्ये होऊ लागली.

निदान

आयपर्फ३ या साधनाने तीन मापने घेतली जातात: यजमान ते बाहेरील संगणक, यजमान ते अतिथी आणि अतिथी ते बाहेरील संगणक. प्रत्येक मापन दोन्ही दिशांनी घ्यावे लागते. पहिले मापन मंद असल्यास तार, स्विच किंवा प्रत्यक्ष कार्ड तपासावे. दुसरे मंद असल्यास आभासी कार्ड किंवा प्रोसेसरवरील भार संशयास्पद ठरतो. पहिली दोन समाधानकारक असून तिसरेच मंद असेल, तर ब्रिज, फायरवॉल किंवा पॅकेटाचा आकार यांकडे लक्ष द्यावे. फाइलची नक्कल करून गती मोजणे भरवशाचे नसते, कारण त्यात डिस्कचा व सांकेतिकीकरणाचा वेळही मिसळतो.

प्रमुख कारणे व उपाय

आभासी कार्डाचा प्रकार: अतिथीमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दिल्यास कार्डाचा प्रकार कळतो. नक्कल केलेले कार्ड आढळल्यास ते बदलून व्हर्टआयओ निवडावे. लिनक्स अतिथींत त्याचा ड्रायव्हर सहसा आधीच असतो. विंडोज अतिथीत तो सामान्यतः वेगळा बसवावा लागतो.

पॅकेटाचा आकार: इथरनेटवर एका पॅकेटाची प्रचलित कमाल मर्यादा १५०० बाइट असते. व्हीएक्सलॅनसारख्या आवरणात सुमारे ५० बाइट खर्च होत असल्याने अतिथीची मर्यादा १४५० ठेवावी लागते. तसे न केल्यास लहान संदेश सुरळीत जातात, परंतु मोठी फाइल मध्येच अडकते.

पॅकेटांचे एकत्रीकरण: आलेली लहान पॅकेटे जोडून मोठे पॅकेट बनविण्याची एलआरओ ही सुविधा ब्रिजिंगशी सुसंगत नाही. ती यजमानाच्या कार्डावर चालू राहिली असल्यास एथटूलने बंद करावी. जीआरओ व टीएसओ यांसह सर्वच सुविधा सरसकट बंद केल्यास मात्र प्रोसेसरवरील भार वाढतो आणि मूळ दोष झाकला जातो.

प्रोसेसर: टॉप या आज्ञेतील ‘एसटी’ हा आकडा सतत मोठा दिसल्यास अतिथीस प्रोसेसरसाठी ताटकळावे लागत आहे असे समजावे. यजमानावरील गर्दी कमी करणे हा त्यावरील उपाय होय. अनेक आभासी प्रोसेसर असूनही भार एकाच रांगेवर पडत असल्यास व्हर्टआयओच्या बहुरांग सुविधेचा उपयोग होतो.

मर्यादा व दक्षता

एसआर-आयओव्ही पद्धतीने प्रत्यक्ष कार्डाचा एक भाग थेट अतिथीस देता येतो. त्यामुळे मधले बहुतेक थर टळतात. परंतु चालू आभासी यंत्र दुसऱ्या यजमानावर हलविणे अवघड होते. एथटूलने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाहीत, म्हणून उपयुक्त ठरलेला बदल प्रणालीच्या कायम मांडणीत नोंदवावा लागतो. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मापन घेतले, तरच खरे कारण निश्चित होते.