संकटग्रस्त अरब कलावंतांना तातडीचा आधार

अल्जीरियाचे कवी, कादंबरीकार व पत्रकार ताहर जाऊत यांच्यावर २६ मे १९९३ रोजी अल्जीयर्समधील त्यांच्या घराबाहेर गोळ्या झाडण्यात आल्या. २ जून रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, मार्च १९९४ मध्ये, ओरान शहरात नाटककार अब्देलकादर अल्लूला यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. सप्टेंबरमध्ये त्याच शहरात ‘राय’ संगीताचा २६ वर्षांचा लोकप्रिय गायक शेब हसनी मारला गेला. लेखक-कलावंतांच्या जिवावर बेतले असता निषेधाच्या पत्रकापलीकडे त्यांना काय देता येईल, हा प्रश्न या हत्यासत्राने जगभरच्या साहित्यिकांपुढे उभा केला. धोक्यातील कलावंतांसाठी आज जे आंतरराष्ट्रीय मदतीचे जाळे उभे आहे, त्याचा उगम मुख्यत्वे याच प्रश्नात आहे.

गेल्या तीन दशकांत हे जाळे बरेच विस्तारले. मात्र त्याची मूळ मांडणी एका गृहीतकावर झाली होती. संकटात सापडलेला कलावंत देश सोडून बाहेर पडू शकतो, आणि बाहेर पडला की तो वाचतो, हे ते गृहीतक. अरब जगातील घटनांनी ते वारंवार अपुरे ठरवले. कित्येकांना बाहेर पडता येत नाही, कित्येकांना पडायचे नसते, आणि जे पडतात त्यांचे सहकारी मागेच राहतात. म्हणूनच कलावंत जेथे आहे तेथे त्याच्यापर्यंत पोहोचणारी मदत हा या क्षेत्रातील कळीचा विषय ठरला आहे.

आश्रयनगरांची कल्पना

अल्जीरियातील हत्यांच्या पार्श्वभूमीवर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १९९३ मध्ये लेखकांची आंतरराष्ट्रीय संसद स्थापन करण्याची कल्पना पुढे आली. मुंबईत जन्मलेले आणि त्या काळी स्वतः इराणच्या फतव्याच्या छायेत वावरणारे सलमान रश्दी हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे ही धुरा नायजेरियाचे नोबेल विजेते वोले सोयिंका यांच्याकडे गेली. देशोदेशींच्या सरकारांवर विसंबून न राहता थेट शहरांनाच साकडे घालावे, असा विचार या संसदेने मांडला. एखाद्या नगरपालिकेने एका लेखकाला ठरावीक काळ घर, निर्वाहवेतन आणि लिहिण्यासाठी स्वस्थता द्यावी, असे तिचे स्वरूप होते.

ही संसद पुढे विसर्जित झाली; परंतु आश्रयनगरांची कल्पना टिकली. २००६ मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे ‘आयकॉर्न’ हे आश्रयनगरांचे आंतरराष्ट्रीय जाळे अस्तित्वात आले. त्यात पुढे सत्तरहून अधिक शहरे सामील झाली. सुरुवातीला लेखकांपुरती असलेली ही सोय नंतर संगीतकार व दृश्यकलावंतांनाही खुली झाली. अर्जदाराला असलेल्या धोक्याची शहानिशा ‘पेन इंटरनॅशनल’ या लेखकसंघटनेच्या साहाय्याने केली जाते, आणि एखादे शहर तयार झाले की साधारणतः दोन वर्षांसाठी आश्रय मिळतो.

१२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतील शटॉक्वा येथे व्यासपीठावर रश्दी यांच्यावर सुरीहल्ला झाला, तेव्हा निर्वासित लेखकांचे आश्रयस्थान म्हणून अमेरिका, याच विषयावर ते बोलणार होते. त्यांच्याशी संवाद साधणारे हेन्री रीस हे पिट्सबर्गच्या आश्रयनगर प्रकल्पाचे एक संस्थापक. १९९७ मध्ये रश्दी यांच्याच भाषणातून रीस यांना या कार्याची प्रेरणा मिळाली होती. त्या हल्ल्यात रीस हेही जखमी झाले.

मदत म्हणजे नेमके काय?

तातडीची मदत म्हटली की परदेशी जाणाऱ्या विमानाचे तिकीट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या मदतीचे प्रकार अनेक आहेत. कोणाला वकिलाची फी हवी असते, कोणाला छळानंतरचे वैद्यकीय उपचार. कोणाला काही महिन्यांचे घरभाडे पुरते, तर कोणाला राहत्या शहरातून त्याच देशातील दुसऱ्या गावी हलणे. जप्त झालेला कॅमेरा, फुटलेले वाद्य, उद्ध्वस्त झालेला स्टुडिओ यांची भरपाई हीदेखील तातडीचीच गरज असते, कारण साधन गेले की कलावंताची उपजीविका जाते.

या कामासाठी निरनिराळ्या संस्था आहेत. कोपनहेगन येथे १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘फ्रीम्यूज’ ही संस्था संगीतावरील बंदी व सेन्सॉरशिपच्या नोंदी ठेवण्यातून पुढे आली. अमेरिकेत ‘आर्टिस्ट प्रोटेक्शन फंड’ २०१५ पासून धोक्यातील कलावंतांना यजमान संस्थांमध्ये पाठ्यवृत्ती मिळवून देऊ लागला. ‘पेन अमेरिका’ने २०१७ मध्ये सुरू केलेला उपक्रम कलावंताला योग्य त्या मदतसंस्थेशी जोडून देण्याचे काम करतो. जर्मनीत २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘मार्टिन रोट’ उपक्रमाचे वैशिष्ट्य असे, की तो जर्मनीतील तात्पुरत्या वास्तव्याप्रमाणेच कलावंताच्या स्वतःच्या प्रदेशातील सुरक्षित देशात राहण्यासाठीही साहाय्य देतो. दमास्कसच्या नाटककाराला बर्लिनपेक्षा अम्मान जवळचे असते. तेथे भाषा तीच, प्रेक्षक तोच आणि परतीचा रस्ताही तुलनेने छोटा.

आर्थिक मदतीइतकेच महत्त्व जाहीर दबावाला असते. सौदी अरेबियात जन्मलेले पॅलेस्टिनी निर्वासित कवी व प्रदर्शन-संयोजक अशरफ फयाद यांना त्यांच्या २००८ च्या काव्यसंग्रहासह अन्य आरोपांवरून नोव्हेंबर २०१५ मध्ये धर्मत्यागाच्या गुन्ह्याखाली मृत्युदंड सुनावण्यात आला. जानेवारी २०१६ मध्ये अनेक देशांत एकाच दिवशी त्यांच्या कवितांचे वाचन झाले. फेब्रुवारीत न्यायालयाने मृत्युदंड रद्द करून त्याऐवजी ८ वर्षे तुरुंगवास व ८०० फटक्यांची शिक्षा दिली. कवीचा जीव वाचला; शिक्षा टळली नाही. कोठडीतील माणसाला कोणतेही आश्रयनगर घर देऊ शकत नाही, हेही या प्रकरणाने दाखवून दिले.

अरब संस्थांचा पुढाकार

युरोपातील निधी आणि अरब जगातील गरजू कलावंत यांच्यामध्ये भाषेचे, ओळखीचे आणि विश्वासाचे अंतर असते. ते कमी करण्याचे काम स्थानिक संस्थांनी केले. बस्मा अल्-हुसेनी यांनी २००३ मध्ये कैरोत सुरू केलेली ‘अल्-मौरिद अल्-सकाफी’ ही त्यांपैकी अग्रणी संस्था. ‘सांस्कृतिक स्रोत’ असा तिच्या नावाचा अर्थ. २००७ मध्ये ‘आफाक’ हा अरब कला व संस्कृती निधी उभा राहिला. अरब कलावंताला केवळ पाश्चात्त्य देणगीदारांच्या दारी जावे लागू नये, ही त्यामागील भूमिका होती.

या संस्थांनाही संकटाने सोडले नाही. इजिप्तमध्ये सप्टेंबर २०१४ मध्ये दंडविधानात दुरुस्ती होऊन, देशहिताला बाधक ठरवल्या जाणाऱ्या कामासाठी परकीय निधी घेतल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘अल्-मौरिद’ने इजिप्तमधील आपले उपक्रम थांबवले. पुढे बैरुत हे तिच्या कामाचे केंद्र झाले आणि धोक्यातील कलावंत व सांस्कृतिक कार्यकर्त्यांना साहाय्य देणे हा त्या कामाचा भाग बनला. अल्-हुसेनी यांनी २०१५ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर होप’ ही नवी संस्था काढून लेबनॉन व जॉर्डनमधील निर्वासित मुलांसाठी संगीतशाळा चालवल्या.

‘सांस्कृतिक कार्यकर्ता’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घ्यावी लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये सीरियातील पाल्मायरा येथे ‘इस्लामिक स्टेट’ने ज्यांचा शिरच्छेद केला, ते खालेद अल्-असद हे पुरातत्त्वज्ञ होते. मार्च २००७ मध्ये बगदादच्या मुतनब्बी मार्गावर मोटारीतील बॉम्बचा स्फोट झाला, तो पुस्तकविक्रेत्यांच्या बाजारात. ग्रंथपाल, मुद्रक, प्रकाशयोजनाकार, संग्रहालयातील कर्मचारी यांची नावे क्वचितच जगापुढे येतात. साहजिकच त्यांच्यासाठी कवितावाचनाचे कार्यक्रम होत नाहीत आणि अर्जासोबत जोडायला त्यांच्यापाशी गौरवपत्रेही नसतात.

निघून गेलेले आणि मागे राहिलेले

सीरियाचे व्यंगचित्रकार अली फरजात यांना २५ ऑगस्ट २०११ रोजी दमास्कसमध्ये बुरखाधारी हल्लेखोरांनी पळवून नेले आणि त्यांचे हात मोडले. त्यानंतर ते कुवेतला गेले, उपचार घेऊन पुन्हा चित्रे काढू लागले. त्याच वर्षी युरोपीय संसदेचा साखारोव पुरस्कार मिळालेल्या पाच जणांत त्यांचा समावेश होता. वेळेवर मिळालेला आसरा कलावंताला त्याची कलाही परत देऊ शकतो, याचे हे उदाहरण.

इजिप्तच्या रामी एसाम यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातील आंदोलनात त्यांची गाणी गाजली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांना लष्कराच्या कोठडीत मारहाण सहन करावी लागली. २०१४ मध्ये स्वीडनमधील माल्मो शहराने त्यांना आश्रय दिला. तेथून ते गात राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांचे ‘बलहा’ हे गाणे प्रसिद्ध झाले. राष्ट्राध्यक्षांची टर उडवणारे गीत म्हणून ते ओळखले गेले. गायक स्वीडनमध्ये होता. पण गीतकार आणि चित्रफितीचा दिग्दर्शक इजिप्तमध्ये होते. गीतकार गलाल अल्-बहैरी यांना लष्करी न्यायालयाने ३ वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२१ मध्ये ती पूर्ण झाल्यावरही नव्या प्रकरणात कोठडीतच ठेवले. दिग्दर्शक शादी हबश हे खटला न चालता दोन वर्षांहून अधिक काळ कैदेत होते. मे २०२० मध्ये कैरोच्या तोरा तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

कला ही क्वचितच एकट्याची निर्मिती असते. मदतीची योजना मात्र बहुधा एका नावाभोवती आखली जाते. ज्याचे नाव भिंतीवरच्या पत्रकावर असते तो बाहेर पडतो आणि ज्यांची नावे श्रेयनामावलीत बारीक अक्षरात असतात ते मागे राहतात. या दोघांचाही विचार एकाच अर्जात व्हायला हवा, हा ‘बलहा’ प्रकरणाचा धडा आहे.

आश्रय देणारे शहरच कोसळते तेव्हा

२०११ नंतर सीरियातील अनेक कलावंतांनी बैरुतची वाट धरली. २०१९ च्या अखेरीस लेबनॉनची अर्थव्यवस्था कोलमडली आणि बँकांनी ठेवी काढण्यावर निर्बंध घातले. ज्यांनी इतरांना अनुदान द्यायचे, त्यांचेच पैसे खात्यात अडकण्याची वेळ आली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बंदरातील प्रचंड स्फोटात २०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नाट्यगृहे, कलादालने आणि स्टुडिओ यांनी गजबजलेल्या जेमाइझे व मार मिखाएल या वस्त्यांची वाताहत झाली. सुर्सोक संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा खुले होण्यास मे २०२३ उजाडला. ‘आफाक’ व ‘अल्-मौरिद’ यांनी २०२० मध्ये लेबनॉनमधील सांस्कृतिक संस्थांसाठी संयुक्त सहकार्यनिधी उभारला. संस्था जगली तरच तिच्या आधाराने कलावंत जगतात, हा त्यामागील विचार.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध भडकले. त्यानंतरच्या महिन्यातच ज्येष्ठ रंगभूमी अभिनेत्री आसिया अब्देलमाजिद आणि गायिका शादन गारदूद यांचा खार्तुम परिसरातील गोळीबारात व तोफमाऱ्यात मृत्यू झाला. त्यांना कोणी त्यांच्या कलेसाठी लक्ष्य केले नव्हते. त्या आपल्याच शहरात होत्या, इतकेच. छळ होणाऱ्या कलावंतासाठी आखलेल्या अर्जात ‘धमकी कोणी दिली’ हा प्रश्न असतो. युद्धात सापडलेल्या कलावंताला त्याचे उत्तर देता येत नाही.

बंद सीमा

मदतव्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा गाझाने घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर २० तारखेला कवयित्री हिबा अबू नदा आणि ६ डिसेंबरला कवी व प्राध्यापक रिफात अल्-अरीर हे हवाई हल्ल्यांत ठार झाले. गाझातील एडवर्ड सईद ग्रंथालयाचे संस्थापक कवी मोसाब अबू तोहा यांना नोव्हेंबरमध्ये कुटुंबासह रफाहकडे जाताना इस्रायली सैन्याने ताब्यात घेतले. सुटकेनंतर ते इजिप्तमार्गे अमेरिकेत पोहोचले आणि २०२५ मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. परंतु मे २०२४ मध्ये रफाह नाक्याच्या पॅलेस्टिनी बाजूचा ताबा इस्रायलने घेतला आणि हा मार्गही दीर्घकाळ बंद झाला.

छायाचित्रकार फातिमा हस्सूना यांच्यावरील माहितीपट कान महोत्सवाच्या समांतर विभागासाठी निवडल्याची घोषणा १५ एप्रिल २०२५ रोजी झाली. दुसऱ्या दिवशी त्या घरावरील हल्ल्यात कुटुंबीयांसह मारल्या गेल्या. फ्रान्सचा ‘पॉझ’ हा २०१७ मध्ये सुरू झालेला उपक्रम धोक्यातील संशोधक व कलावंतांना तेथील संस्थांमध्ये स्थान देतो. या उपक्रमात निवड झालेल्या गाझातील एका वास्तुरचनाकाराचा मे २०२५ मध्ये, बाहेर पडण्याची वाट पाहत असतानाच, हल्ल्यात जखमी होऊन मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सने गाझातून लोकांना आणण्याची प्रक्रिया स्थगित केली, तेव्हा निवड होऊनही अनेकांना तिष्ठत राहावे लागले. निवडपत्र होते, यजमान संस्था होती, निधी होता. नव्हती ती सीमा ओलांडण्याची परवानगी.

कलासंस्थांच्या हाती सीमा नसतात. व्हिसा देणे वा नाकारणे हा सरकारांचा अधिकार आहे आणि युद्धक्षेत्रातून वाट काढून देणे ही सैन्यांची मर्जी. संस्थांच्या हाती उरतो तो वेळ. अर्जाचा निर्णय महिन्यांऐवजी दिवसांत देणे, एका नावाबरोबर त्याच्या कुटुंबाचा व सहकाऱ्यांचा विचार करणे, बँकव्यवहार बंद असलेल्या ठिकाणी पैसा पोहोचवण्याचे विश्वासू मार्ग आधीच जोडून ठेवणे आणि बाहेर पडता न येणाऱ्याला आहे तेथेच काम करता येईल इतके बळ देणे, या गोष्टी त्यांना करता येण्याजोग्या आहेत. १९९३ मध्ये प्रश्न होता तो कलावंताला घर कोठे द्यायचे, हा. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे: जो आपले घर सोडू शकत नाही, त्याच्यापर्यंत किती दिवसांत पोहोचायचे?