बडोद्याचे विद्यामंदिर आणि त्याचे दर्शनार्थी

यात्रेस निघालेला आपला मनुष्य वाटेवरचे देवालय सहसा चुकवीत नाही. परंतु एखाद्या विद्यापीठाच्या आवारापाशी आला म्हणजे ‘येथे आपले काय काम?’ असे म्हणून तो पुढे चालू लागतो. हा संकोच आम्हांस अस्थानी वाटतो. तो का अस्थानी आहे, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा इतिहास पाहिला असता चांगले उमगते.

हे विद्यापीठ कायद्याने अस्तित्वात आले १९४९ साली. परंतु त्याची अंगे त्यापूर्वीची आहेत. १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले, १८८६ साली गायनशाळा निघाली, १८९० साली कलाभवन, आणि १९२७ साली प्राच्यविद्यामंदिर. या संस्था तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या. इच्छा महाराजांची, पण द्रव्य राज्याच्या वसुलाचे, म्हणजे अखेर रयतेचेच होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कॉलेजची इमारत रॉबर्ट चिझम या स्थापत्यविशारदाने रचली. तिचा विशाल घुमट पाहून विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांस त्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. याच कॉलेजात श्रीअरविंदांनी अध्यापन केले, आणि येथेच शिकत असलेले विनोबा १९१६ साली परीक्षेस म्हणून निघाले ते वाटेतूनच काशीस गेले.

गायनशाळेचे पहिले आचार्य मौलाबक्ष. गुरुगृही सेवा करून मिळावयाची विद्या त्यांनी स्वरलेखनाच्या साह्याने वर्गात आणली. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यासच. नृत्याची कथा याहून उद्बोधक आहे. १८८० साली महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला आणि त्या संबंधाने तंजावरच्या नर्तकी बडोद्याच्या दरबारी आल्या. देवळातून दरबारात आलेली ती कला पुढे विद्यापीठाच्या वर्गात आली. एके काळी निमंत्रितांनीच पाहावी अशी ती विद्या आता कोणाही गृहस्थाच्या मुलीस शिकता येते.

कलाभवनात रंगकाम, विणकाम, सुतारकाम इत्यादी हातचे धंदे शिकवीत. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे शिक्षण येथेच घेतले. विद्यापीठ झाल्यावर १९५० साली ललितकलेचे महाविद्यालय निघाले आणि इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकविण्यास आले. येथील गुरुशिष्यांनी स्वहस्ते केलेली खेळणी व भांडी मांडून भरविलेल्या जत्रा आणि आवारातील नवरात्रीचा गरबा यांनी नगरजनांस या आवाराशी जोडले.

पुरातत्त्व विभागाकडे तर एक असा ठेवा आहे की जो आता मूळ जागी पाहणे शक्य नाही. शामळाजी या वैष्णव क्षेत्राजवळ देवनी मोरी येथे १९६० ते १९६३ या काळात विद्यापीठाने उत्खनन केले. तेथील स्तूपात लेख कोरलेला करंडक सापडला; त्यात बुद्धाचे शरीरावशेष होते. पुढे ती जागा मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली.

परंतु देवालयाशी ज्यांचा नित्य संबंध आहे अशा आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे ते प्राच्यविद्यामंदिराकडे. नावातच ‘मंदिर’ असलेल्या या संस्थेने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत सिद्ध केली. बालकांड १९६० साली निघाले, उत्तरकांड १९७५ साली. प्रांतोप्रांतीच्या पोथ्या समोर ठेवून श्लोकन् श्लोक ताडून पाहावयाचा, बहुतेक शाखांस संमत असा पाठ वर घ्यावयाचा, आणि उरलेले पाठभेद टाकून न देता तळाशी नोंदवावयाचे, असे हे काम आहे. त्यांपैकी अयोध्याकांड व युद्धकांड यांचे संपादन परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी केले. ज्या पोथ्यांच्या बळावर असले कार्य होते त्या कोणा घरच्या, कोणा मठाच्या माळ्यावरच टिकून राहिलेल्या असतात.

आता कायद्याची गोष्ट. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय व मिळकत तिच्या नावे राहते; तथापि देणगीचे खरे लाभार्थी भक्तजनच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या दाव्यात सांगितले. विद्यापीठही कायद्याने निर्माण केलेली व्यक्तीच आहे. न्यायालयाचा तो निर्णय विद्यापीठास लागू पडतो असे आमचे म्हणणे नाही. पण त्यातील न्याय येथेही शोभेल असे आम्हांस वाटते. व्यवस्थापक हे सेवेकरी. ज्यांच्या करातून हे उभे राहिले त्यांचे वारस हे लाभार्थी.

अर्थात गाभाऱ्यास जसे नियम असतात तसे पोथ्यांस व प्राचीन वस्तूंसही असावयाचेच. आगाऊ पत्र पाठवावे, परवानगी घ्यावी, हात लावू नये. परंतु विचारणाच कोणी केली नाही, तर दालन उघडण्याचे कारण उरत नाही; आणि न उघडलेल्या दालनाच्या दुरुस्तीस पैसा मागणेही मग कठीण होते. म्हणून बडोद्यास जाण्याचा योग आला तर देवदर्शनानंतरचा एक प्रहर या आवारासाठी ठेवावा. आणि परत आल्यावर आपल्या देवस्थानाच्या पेटीतील पोथ्यांस शेवटचे ऊन कधी दाखविले होते, याची महाजनांपाशी चौकशी करावी.