घरी मराठी बोललं तर मूल मागे पडतं?

"घरी इंग्रजीच बोला, मूल गोंधळतंय" असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेलच. हा सल्ला आला कुठून ते बघा. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे १४०० मुलांच्या बुद्धिचाचण्या तपासल्या. खेड्यांत वेल्श-इंग्रजी बोलणारी मुलं मागे पडली. शहरांत मात्र तसा फरक दिसला नाही! आम्ही सीए लोक इथेच पेन थांबवतो: दोष दोन भाषांचा असता तर शहरातही दिसायला हवा होता ना? पण पुढे जवळजवळ चाळीस वर्षं लोकांच्या लक्षात राहिली ती खेड्यांचीच गोष्ट.

१९६२ मध्ये माँट्रियलच्या पील आणि लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांची मुलं घेतली, तीही घरची परिस्थिती जुळवून. फ्रेंच-इंग्रजी दोन्ही पक्क्या असलेली मुलं पुढे निघाली. (मुळात दोन्ही भाषा चांगल्या येणारीच निवडली होती, तेव्हा "दोन भाषा म्हणजे हुशारी" असंही लगेच धरू नका.)

गंमत म्हणजे १९१३ मध्येच ज्यूल रोंजा यांनी आपल्या लुईवर पुस्तक लिहिलं होतं. बाबा फ्रेंच बोलणार, आई जर्मन. लुई दोन्ही भाषा नीट शिकला. एकाच मुलाचा पुरावा, पण घरातला, लहानपणापासून लिहून ठेवलेला.